घाबरून जाईन : सहमत की असहमत?

ग्रंथालयाच्या ज्या खोलीत एरवी शनिवारी सकाळी लहान मुलांचा गोष्टींचा तास भरतो, त्याच खोलीत २०१८ च्या ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळी आम्ही चौदा जण बसलो होतो. मुलांच्या बुटक्या रंगीत खुर्च्या भिंतीशी रचून ठेवल्या होत्या आणि टेबलावर छातीपुरताच असलेला एक रबरी पुतळा तोंड उघडे ठेवून उताणा पडला होता. काउंटीच्या आरोग्य खात्याकडून आलेल्या, सर्दीने बेजार झालेल्या एका तरुणाने काहीही सांगण्याआधी प्रत्येकाच्या हातात एक कागद ठेवला. कागदावर काही विधाने होती आणि प्रत्येक विधानापुढे ‘पूर्ण असहमत’पासून ‘पूर्ण सहमत’पर्यंत पाच चौकोन होते. ‘ओव्हरडोस झालेला माणूस समोर दिसला तर मी घाबरून जाईन.’ पूर्ण सहमत. ‘मदत करायला गेल्यास माझ्या हातून त्याला इजा होईल अशी भीती वाटते.’ सहमत. ‘पोलीस येतील म्हणून मी फोन करायला कचरेन.’ इथे मी थोडी थांबले आणि मग ‘असहमत’वर खूण केली, कारण शेजारी बसलेल्या सहकारी बाईंची नजर माझ्या कागदावर होती. ‘जीव वाचवण्यासाठी जे करावे लागेल ते मी करीन.’ पूर्ण सहमत. या शेवटच्या विधानापुढे वेगळ्या चौकोनात खूण करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

मी ओहायो राज्यात डेटनजवळच्या एका उपनगरात पंचवीसहून अधिक वर्षे राहते आणि गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात अर्धवेळ काम करते. आमच्या या भागात ओव्हरडोस हा शब्द गेल्या दशकात हवामानाच्या बातमीसारखा रोजचा झाला होता. आधी डॉक्टरांनी उदार हाताने लिहून दिलेल्या वेदनाशामक गोळ्या आल्या, गोळ्या आवळल्या गेल्यावर हेरॉइन आले, हेरॉइनमध्ये फेंटॅनिल मिसळू लागले आणि २०१६ च्या उन्हाळ्यात तर हत्तीसारख्या जनावरांना भूल देण्यासाठी वापरले जाणारे कारफेंटॅनिल आले. त्या ऑगस्टमध्ये सिनसिनाटी शहरात सहा दिवसांत १७४ ओव्हरडोस नोंदवले गेले. पुढच्या वर्षी, म्हणजे २०१७ मध्ये, एकट्या ओहायोत ४,८५४ माणसे या कारणाने गेली.

त्याच वर्षीची एक गोष्ट मला इथे कबूल करायला हवी. आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासावर मिडलटाऊन नावाचे गाव आहे. तिथल्या एका नगरसेवकाने असा विचार मांडला की ज्या माणसाला ओव्हरडोसमधून दोनदा वाचवले आहे, त्याच्यासाठी तिसऱ्या वेळी रुग्णवाहिका पाठवूच नये. त्याच बटलर काउंटीचे शेरीफ रिचर्ड जोन्स यांनी सांगून टाकले की आपले शिपाई नार्कन, म्हणजे ओव्हरडोस उतरवणाऱ्या नॅलॉक्सोन या औषधाचा नाकात मारायचा फवारा, बाळगणार नाहीत; शुद्धीवर आलेला माणूस अंगावर येतो, हे त्यांचे एक कारण होते. नगरसेवकाची सूचना काही अमलात आली नाही, पण देशभर गवगवा झाला. आमच्या घरी जेवताना नवऱ्याने ती बातमी वाचून दाखवली तेव्हा पोळी वाढता वाढता मी म्हणाले होते, “त्याचं तरी काय चुकलं? कितीदा वाचवायचं एकाच माणसाला?” नवरा काही बोलला नाही. मुलगी तेव्हा कॉलेजला होती. ती ताट उचलून आत गेली.

म्हणजे त्या ऑक्टोबरच्या संध्याकाळी ‘जे करावे लागेल ते करीन’ यापुढे खूण करणारी बाई ही होती. प्रशिक्षणाला मी कळवळ्याने गेले नव्हते. दुसऱ्या एका शाखेच्या स्वच्छतागृहात एक मुलगा बेशुद्ध सापडल्यावर सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी ऐच्छिक प्रशिक्षण ठेवले गेले, आणि ऐच्छिक गोष्टींच्या यादीत आपले नाव नसले तर ते वरिष्ठांच्या बरोबर लक्षात राहते.

प्रशिक्षण जेमतेम तासाभराचे होते. त्या तरुणाने आधी मरण कसे येते ते सांगितले. अफू आणि तिच्या कुळातली सगळी द्रव्ये मेंदूच्या ज्या केंद्रातून श्वासाचे नियंत्रण होते त्याला गुंगवतात. माणूस वेदनेने तडफडत नाही, तो फक्त श्वास घ्यायचा विसरत जातो. ओठ आणि नखे निळसर पडतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि घशातून घरघर येते. ही घरघर ऐकून घरच्यांना वाटते की बरे झाले, आज गाढ झोपला आहे, आणि ते दिवा मालवून दार ओढून घेतात. हे सांगताना तो नाक पुसत होता, आवाजात कुठलाही नाट्यमय चढउतार नव्हता, आणि कदाचित म्हणूनच ते दार ओढून घेणे माझ्या डोक्यातून अजून गेलेले नाही.

मग हाताची कामे आली. हाक मारा, खांदे हलवा. प्रतिसाद नसेल तर छातीच्या मधल्या हाडावर मुठीची पेरे जोरात घासा. ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करा. नाकपुडीत फवारा द्या. श्वास नसेल तर हनुवटी वर करून दर पाच सेकंदांनी एक श्वास द्या. दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसऱ्या नाकपुडीत दुसरा फवारा. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी घशात अडकणार नाही.

माझ्या हातात सरावाचा फवारा आला तेव्हा मी एक चूक केली. माझ्या सासूबाई आमच्याकडे असताना त्यांना इन्सुलिन पेनने देण्याचे काम सहा वर्षे माझ्याकडे होते. त्या पेनमध्ये आधी दोन युनिट हवेत सोडून सुई वाहती आहे का ते पाहावे लागते. तीच सवय हातात मुरलेली, त्यामुळे मी नार्कनचे नळकांडे डोळ्यांसमोर धरले आणि अंगठ्याने दाबले. बारीकसा खटका झाला. तरुण माझ्याकडे पाहून म्हणाला, “झालं. आता त्यात काही उरलं नाही.” या उपकरणात एकच मात्रा असते आणि ती एकाच दाबात सगळी बाहेर पडते, तपासून पाहायची सोयच नाही. खोलीत थोडे हसू झाले. मी मात्र ओशाळले. काळजी घेण्याची माझी जी सवय होती, ती इथे बरोबर उलटी पडली होती. वेष्टन सोलायचे, टोक नाकपुडीत, बोटे नाकाला टेकेपर्यंत, सरकवायचे आणि मगच दाबायचे, हे मी त्या पुतळ्यावर चार वेळा केले. चौथ्या वेळी हात थरथरला नाही.

प्रश्नोत्तरांत जे विचारले गेले ते बहुतेक आपल्या जिवाचे होते. फेंटॅनिलला नुसता हात लागला तर आपणही कोसळतो म्हणे, ते खरे का? तेव्हा पोलिसांच्या अशा कोसळण्याच्या चित्रफिती सगळीकडे फिरत होत्या. तरुणाने सांगितले की अमेरिकेतल्या विषविज्ञानतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्येच स्पष्ट केले आहे की ओझरत्या स्पर्शाने विषबाधा होण्याची शक्यता अगदीच कमी आहे. हातमोजे घाला आणि कामाला लागा. आपण चुकून दुसऱ्याच कारणाने बेशुद्ध पडलेल्याला नार्कन दिले तर? काही बिघडत नाही. शरीरात अफूवर्गीय काही नसेल तर त्याला करण्यासारखे काम नसते. कायद्याचे काय? ओहायोत २०१६ पासून मदतीसाठी फोन करणाऱ्याला किरकोळ बाळगण्याच्या गुन्ह्यातून संरक्षण आहे, पण तेही मोजून दोनदा. (आमच्या भागाला हा दोनाचा आकडा का इतका प्रिय आहे, कोण जाणे.)

आणि अंगावर आला तर? शेरीफसाहेबांचा प्रश्न एका निवृत्त शिक्षकांनी विचारला. उत्तर असे होते की नॅलॉक्सोन मेंदूतल्या जागांवरून त्या द्रव्याला हुसकावते आणि माणूस एका क्षणात नशेतून थेट अमलाच्या उताराच्या यातनेत येऊन पडतो. मुंबईच्या रस्त्यावरच्या भाषेत यालाच ‘टर्की’ म्हणतात. मळमळ, थरथर, अंगभर दुखणे, आणि वर चारपाच अनोळखी चेहरे वाकलेले. “तुम्हीही चिडाल,” तो म्हणाला. “एक पाऊल मागे सरका, नाव सांगा, काय झालं ते सांगा, आणि निघून जाऊ देऊ नका. औषधाचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो, शरीरातलं द्रव्य त्यानंतरही उरू शकतं.” हे ऐकल्यावर त्या शिक्षकांनी वहीत काही तरी लिहून घेतले. भीती गेली नसेल, पण तिला आता कारण आणि कालावधी मिळाला होता, आणि एक पाऊल मागे सरकण्याएवढी जागाही.

शेवटी तोच कागद पुन्हा भरायचा होता. ‘मी घाबरून जाईन’ यापुढे मी या वेळी ‘असहमत’वर खूण केली. ‘माझ्या हातून इजा होईल’, असहमत. एका तासात माझा दृष्टिकोन, निदान कागदावर, पाचपैकी तीन घरे सरकला होता. घरी येताना मला त्याचे नवल वाटले आणि थोडा संशयही आला, कारण रबरी पुतळ्याला उलटी होत नाही.

पुढे वाचताना कळले की आमच्या हातातला कागद मोठ्या कुळातला होता. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या ॲना विल्यम्स, जॉन स्ट्रँग आणि जॉन मार्सडेन या संशोधकांच्या गटाने २०१३ मध्ये अशी एक दृष्टिकोनाची मोजपट्टी तयार केली. तिच्यात अठ्ठावीस विधाने आणि त्यांचे तीन गठ्ठे आहेत: मला हे जमेल का, मला कशाकशाची धास्ती आहे, आणि मी पुढे व्हायला तयार आहे का. दुसऱ्याच वर्षी त्यांनी हेरॉइन घेणाऱ्यांच्या १८७ नातेवाइकांवर आणि काळजीवाहकांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना गटात बसवून प्रशिक्षण दिले, काहींना फक्त प्राथमिक माहिती दिली. तीन महिन्यांनी प्रशिक्षितांचे ज्ञानही जास्त निघाले आणि दृष्टिकोनही अधिक अनुकूल निघाला. पण त्या निष्कर्षांच्या शेवटी एक ओळ आहे आणि माझे मन तिथेच अडकले. त्या तीन महिन्यांत तेरा जणांनी प्रत्यक्ष ओव्हरडोस पाहिला, आठ वेळा नॅलॉक्सोन दिले गेले, आणि त्यांपैकी काही वेळा ते देणारे लोक फक्त माहिती मिळालेल्या गटातले होते.

आकडे इतके लहान आहेत की त्यांवरून सिद्धान्त मांडणे वेडेपणाचे ठरेल. तरीही फक्त माहिती मिळालेल्या त्या लोकांची मी कल्पना करत राहिले. ती आई असेल, बायको असेल, मोठा भाऊ असेल. मोजपट्टीवर त्यांचे गुण कमी पडले असतील, त्या घाबरलेल्याही असतील, पण जमिनीवर निळे पडत चाललेले आपलेच माणूस होते आणि हात आपोआप पुढे झाला. शिकागोत डॅन बिग यांच्या संस्थेने १९९६ पासून खुद्द नशा करणाऱ्यांच्या हाती नॅलॉक्सोन द्यायला सुरुवात केली, तेव्हा १९७१ साली मान्यता मिळालेले हे औषध अजून डॉक्टरांच्या आणि रुग्णवाहिकांच्याच ताब्यात होते. सामान्य माणसाला हे झेपेल का, अशी शंका तेव्हा अनेकांना होती. मॅसॅच्युसेट्समधल्या एकोणीस गावांचा अभ्यास २०१३ मध्ये आला. तिथे २,९१२ जणांना शिकवले, ३२७ वेळा कोणाला तरी वाचवण्याचा प्रयत्न झाला, आणि तो करणारे बहुतेक स्वतःच नशेच्या वर्तुळातले होते. जिथे जास्त लोक शिकले तिथे मृत्यूचे प्रमाण कमी निघाले. ज्यांचा मित्र समोर पडला आहे त्यांना ‘का’ हा प्रश्न पडत नाही. त्यांना फक्त ‘कसे’ शिकवावे लागते. माझ्यासारखीला दोन्ही पडतात, आणि कागदावर विचारले जाते ते फक्त ‘कसे’.

माझा ‘का’ कुठून आला हे मला ठाऊक आहे. मी माहीमची. १९८० च्या दशकात मुंबईत ब्राउन शुगर, म्हणजे तेव्हाच्या बोलीतला गर्द, पसरला, आणि स्टेशनच्या पुलाखाली चांदीच्या कागदावर पूड जाळून नळीने धूर ओढणारी माणसे दिसू लागली. आई हात घट्ट धरून म्हणायची, “तिकडे बघू नको, गर्दुल्ले आहेत.” या शब्दाइतका निर्दय शब्द मराठीत क्वचित असेल. दारूबाजाला निदान ‘तळीराम’ म्हणून नाटकात हशा मिळतो, त्याच्या बायकोची कीव केली जाते. गर्दुल्ल्याला घर असते, आई असते, हे त्या शब्दात कुठेच शिरलेले नाही. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले आणि व्यसन हा आजार आहे हे मराठी घरांना पटवून देण्याचे काम तिथे सुरू झाले, ते मी वर्तमानपत्रात वाचत मोठी झाले. वाचून पटलेही होते. पण मिडलटाऊनच्या बातमीवर पोळी वाढताना जी बोलली, ती पुलाखालून आईचा हात धरून चाललेली मुलगी होती.

प्रशिक्षणानंतरच्या वर्षी मी आमच्या महाराष्ट्र मंडळात असे प्रशिक्षण ठेवावे असे सुचवले. समितीतल्या काकांनी अगदी मायेने सांगितले, “अगं, चांगलंच आहे, पण आपल्यात हे नाही ना.” दोन वर्षांपूर्वी ज्या घरातला बावीस वर्षांचा मुलगा गेला आणि आम्ही सगळे ‘हार्ट अटॅक’ म्हणत भेटून आलो, त्या घरचे नाव त्या बैठकीत कोणी घेतले नाही, मीही घेतले नाही. शेवटी ‘प्रथमोपचार आणि सीपीआर’ अशा नावाखाली गणेशोत्सवानंतरच्या एका रविवारी तास झाला आणि त्यात वीस मिनिटे नार्कनला मिळाली. पुतळ्याशी पहिल्या आल्या त्या भारतातून आलेल्या दोन आज्या. एकीने नऊवारीचा पदर खोचून, गुडघा टेकून असा झोकात फवारा दिला की टाळ्या पडल्या. तास संपल्यावर खोक्यातल्या नार्कनच्या फुकट पेट्या बहुतेकांनी ‘दुसऱ्या कोणाला तरी उपयोगी पडेल’ म्हणत तशाच ठेवल्या. एक गृहस्थ मात्र सगळे चहाकडे वळल्यावर परत आले, तीन पेट्या उचलल्या, जॅकेटच्या आतल्या खिशात घातल्या आणि माझ्याकडे न बघता गेले.

पर्समधली पेटी बाहेर काढायची वेळ माझ्यावर एकदाच आली. २०२० च्या जानेवारीत, सकाळी साडेआठला, ग्रंथालय उघडायच्या आधी, वाहनतळावर एक गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. काचांवर आतून दव धरले होते. माणूस पस्तिशीचा असावा; मान मागे टाकलेली, तोंड उघडे आणि घशातून घरघर. मी काचेवर टकटक केली, मग किल्लीने ठोठावले. हालचाल नाही. दार उघडेच होते. मी हाक मारली, खांदा हलवला, आणि त्याच्या छातीकडे बघत दोन श्वासांमधले अंतर मोजू लागले. मोजत होते मराठीत, हे माझ्या नंतर लक्षात आले. एक, दोन, तीन, चार. डाव्या हातात पेटी, उजव्या हातात फोन, ९११ चे दोनच आकडे दाबलेले. ओठ निळे आहेत की थंडीने तसे दिसतात, हे कळेना. फोन सीटवर टाकला आणि मुठीची पेरे त्याच्या छातीच्या हाडावर जोरात घासली.

तो ओरडतच उठला आणि मला अशी एक शिवी दिली की ती मी आयुष्यात प्रथमच समोरासमोर ऐकली. मी एक पाऊल मागे सरकले, नाव सांगितले, काय झाले ते सांगितले. तो गोदामात रात्रपाळी करून आला होता, कसलासा अर्ज छापून घ्यायला ग्रंथालय उघडण्याची वाट बघत होता आणि नुसता झोपला होता. माझे पाय इतके लटपटत होते की मी गाडीच्या दाराला धरून उभी राहिले. घाबरले होते, कागदावर काहीही लिहिलेले असो. हा माणूस कोण, हे त्याचे कितव्यांदा, यातले काही त्या दीड-दोन मिनिटांत मनात आले नव्हते. आकडे मोजायचे होते ना.

तेवढ्यात त्याचे लक्ष माझ्या हातातल्या पेटीकडे गेले. शिवी देणाऱ्या त्या चेहऱ्यावरचा राग उतरला. त्याने वाकून डॅशबोर्डचा कप्पा उघडला, कागदांच्या ढिगाऱ्यातून तशीच, कोपरे चेपलेली एक पेटी काढली आणि तारीख माझ्याकडे वळवून दाखवली. “माझी गेल्या मार्चमध्ये संपली,” तो म्हणाला. “तुमच्याकडे जादा आहे का?”

मी माझी दिली. कोणासाठी, हे विचारले नाही.

आत येऊन मी पेटी पुन्हा मिळवण्यासाठी आरोग्य खात्याचा अर्ज भरायला घेतला. आधीच्या पेटीचे काय झाले, याखाली चार चौकोन होते: वापरली, हरवली, मुदत संपली, दुसऱ्याला दिली. मी चौथ्यावर खूण केली आणि नऊ वाजले होते म्हणून दार उघडायला गेले.